दमयंती सेलूकर यांचा पहिला दिवस

पुंडलिकनगरातल्या एका घराच्या वरच्या मजल्यावर चार टेबले आहेत आणि त्यांपैकी एकच वापरात आहे. दमयंती सेलूकर सकाळी साडेनऊला येतात, चारही टेबले पुसतात आणि खिडकीलगतच्या टेबलाशी बसतात. उरलेली तीन टेबले रोज का पुसायची, हे त्यांनी कोणाला सांगितलेले नाही. विचारणारेही कोणी नाही.

वय चव्वेचाळीस. वडील अनंतराव न्यायालयात कारकून होते, ते तीन वर्षांपूर्वी वारले. तेव्हापासून गारखेड्यातल्या घरी त्या एकट्याच राहतात. त्यांच्या स्वयंपाकघरात साखर मेथीच्या डब्यात असते, मेथी बिस्किटांच्या पुड्यात, आणि बिस्किटे बहुधा नसतातच. एकदा नाशिकची मावसबहीण मुक्कामाला आली. पहाटे उठून तिने साखर शोधली आणि शेवटी गुळाचा चहा केला. दमयंतीबाईंना त्याचे हसू आले होते. आपल्या घरात दुसऱ्या माणसाला काही सापडत नाही, याचा अधिक विचार त्यांनी केला नव्हता.

त्यांचे काम थोडे समजावून सांगायला हवे. शहराबाहेरच्या वाळूजच्या कारखान्यांतील कामगारांना पाळीप्रमाणे नेणाऱ्या-आणणाऱ्या साठ खासगी बस आहेत. कोणती गाडी कोणत्या थांब्यावर किती वाजता येणार, हे चालकाला आणि कामगाराला फोनवर दाखवणारे एक वेब ॲप्लिकेशन दमयंतीबाई सांभाळतात. ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले आहे. बसवाले वापरतात ते ॲप्लिकेशन दूर कुठेतरी भाड्याच्या सर्व्हरवर चालते. त्यात काही बदलायचे असेल, तर आधी त्याची एक प्रत आपल्या संगणकावर उभी करावी लागते. नोड नावाचे साधन बसवायचे, कोड उतरवून घ्यायचा, त्याला लागणारी शेकडो लहान पॅकेजेस, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेले तयार कोड, आणायची, सेटिंग्जची फाईल भरायची, डेटाबेस तयार करायचा. मग एक आज्ञा द्यायची आणि ब्राउझरमध्ये पान उघडते का ते पाहायचे. बदल करण्याचे काम त्यानंतर सुरू होते. बाहेरच्याला ही प्रस्तावना वाटते. ती कंटाळवाणी असते आणि पुष्कळदा तीच फसते.

या प्रस्तावनेसाठी त्या कचेरीत एक रीत होती. ती मंदारने, म्हणजे कंपनीच्या मालकाने, घालून दिली होती. नवा माणूस कामावर आला की त्याला एक रिकामा संगणक द्यायचा आणि ‘वही’ दाखवायची. वही म्हणजे कोडसोबतच ठेवलेली एक फाईल, जिच्यात हे ॲप्लिकेशन उभे करण्याच्या पायऱ्या क्रमाने लिहिलेल्या होत्या. पहिला पूर्ण दिवस त्याच्याशी कोणी कामाचे बोलायचे नाही. तो अडला तर अडू द्यायचा. मार्ग सापडला की त्याने अडलेली पायरी वहीत दुरुस्त करायची आणि खाली आपले नाव लिहायचे. तोंडी सांगितलेले फक्त ऐकणाऱ्याच्या उपयोगी पडते आणि पुढच्या माणसाला पुन्हा सांगावे लागते, असे मंदारचे म्हणणे होते. संध्याकाळी नव्या संगणकावर पान उघडले की कोपऱ्यावरून गरम भजी येत आणि दिवसभराचा अबोला सुटे.

त्यामुळे वहीत माणसे राहून गेली होती. तिसऱ्या पायरीखाली सुलेखाने लिहिले होते, ‘इथं तीन मिनिटं काहीच होत नाही असं वाटेल. चहा करून या.’ पाचव्या पायरीखाली सुदर्शनची टीप होती, ‘लाल अक्षरांना घाबरू नका. पिवळ्यांना घाबरा.’ शेवटची नोंद तनुजाची, २०१९ च्या नोव्हेंबरमधली. पुढच्या मार्चमध्ये सगळे आपापल्या घरी गेले ते तिकडूनच काम करू लागले, आणि हळूहळू दुसऱ्यांचे काम करू लागले. मंदारही पुण्याला गेला. दमयंतीबाई मात्र टाळेबंदी उठल्याच्या पहिल्या आठवड्यात कचेरीत आल्या, टेबले पुसली आणि कामाला बसल्या. त्याला आता पाच वर्षे होत आली.

गेल्या हिवाळ्यात सर्जेराव जिना चढून वर आले. ते बसमालकांच्या संघाचे प्रमुख. फोनवरचा आवाज इतक्या वर्षांच्या ओळखीचा, पण कचेरीत ते पहिल्यांदाच येत होते. पाणी पिऊन त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

“बाई, तुमचं काम लई बेस हाय, त्यात वाद नाय,” ते म्हणाले. “पण इथं टेबलं चार अन् माणूस एक. उद्या तुम्ही आजारी पडल्या, तर साठ गाड्यांनी कुणाच्या तोंडाकडं बघायचं?”

“मी आजारी पडत नाही,” दमयंतीबाई म्हणाल्या.

“व्हय का? मग तेवढं लेखी द्या.”

सर्जेराव हसले, पण त्यांचे म्हणणे थट्टेचे नव्हते. संघाने ठरवले होते की महिनाअखेरीपर्यंत दमयंतीबाईंखेरीज दुसऱ्या कोणीतरी हे ॲप्लिकेशन दुसऱ्या संगणकावर उभे करून, त्यात एखादा लहानसा बदल करून दाखवावा. तसे झाले तर करार पुढे चालू राहील. नाहीतर पुण्याच्या एका कंपनीकडून सगळे नव्याने लिहून घेतले जाईल. अकरा वर्षे एखादी गोष्ट सांभाळणाऱ्या माणसाला हे ऐकणे सोपे नाही. आपण नसताना काय, या प्रश्नाची तयारी आपल्यासमोरच चालली आहे, असे त्यांना वाटले. आणि प्रश्न रास्त आहे, हेही वाटले.

मंदारने फोनवरून प्रेरणाची नेमणूक केली. बुधवार ते शुक्रवार तीन दिवस ती पाहील, पटले तर राहील. प्रेरणा शहराजवळच्या फुलंब्रीची. शहरातल्या एका कंपनीत दोन वर्षे काम केलेली, नंतर मुलगी झाली म्हणून घरी बसलेली, आणि आता पुन्हा उभी राहू पाहणारी. फुलंब्रीहून सकाळची बस धरून ती वेळेच्या आधीच आली. वाळूजच्या एका कारखान्याच्या ऑफिसातूनही आपल्याला बोलावणे आहे आणि शनिवारपर्यंत त्यांना कळवायचे आहे, हे तिने आल्याआल्या सांगून टाकले. दमयंतीबाईंनी तिला ‘बसा’ म्हटले, तशी ती म्हणाली, “मॅडम, मला अहो-जाहो नका करू. सासूबाईंच्या तोंडून इतकं वाईट ऐकायची सवय हाय की मान दिला की भ्या वाटतं.”

दमयंतीबाई हसल्या. त्या खोलीत दुसऱ्या कोणाचे वाक्य आणि त्यावर आपले हसणे, असे बऱ्याच काळात झाले नव्हते. तिच्यासाठी त्यांनी दाराजवळचे टेबल तयार ठेवले होते. त्यावरचा नवा संगणक मंदारने पाठवलेला. त्यांनी वही उघडून दिली, रीत समजावून सांगितली आणि त्या आपल्या जागी जाऊन बसल्या. भज्यांचेही त्यांनी मनाशी ठरवून ठेवले होते.

दुपारपर्यंत दाराजवळून कळफलकाचा आवाज येत होता. मग तो तुटक झाला. मग बराच वेळ आलाच नाही. अडलेल्या माणसाची पाठ कशी दिसते हे दमयंतीबाईंना माहीत होते. सुलेखाची तशी दिसली होती, तनुजाची तर चार वाजेपर्यंत. त्यांनी मान खाली घातली. मदत न करणे हीच त्या कचेरीतली मदत होती, आणि ती आपण नेमकी करत आहोत, याचे त्यांना समाधानही वाटत होते. सहा वाजता प्रेरणा बससाठी उठली. पान उघडले नव्हते. जाताना तिने विचारले, ‘पहिल्या पायरीत काही राहिलंय का?’ दमयंतीबाई एवढेच म्हणाल्या, “वहीत असेल.”

गुरुवारीही तेच झाले. रीत एका दिवसाची होती, पण प्रेरणा अजून पहिल्याच दिवसात अडकलेली आहे असे मानून दमयंतीबाईंनी ती लांबवली. खरे तर इतक्या वर्षांनी दुसऱ्याशी कामाचे बोलायचे म्हणजे कुठून सुरुवात करायची, हे त्यांना सुचत नव्हते. आणि रीत पाळताना त्याची गरज पडत नव्हती. दुपारी प्रेरणाने खुर्ची वळवली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

“मॅडम, एक बोलू? ही वही लिहिणारी माणसं एकमेकांना ओळखत व्हती. मी वाचताना मलाही ओळखीची वाटायला लागली. पण एकोणीस सालानंतर तिच्यात कोणीच नाय. अन् तुमचं नाव तर पहिल्यापासून कुठंच नाय.”

दमयंतीबाई म्हणाल्या की मूळ वही त्यांनीच लिहिली आहे, म्हणून नाव नाही.

“मग तुम्हाला कोणी असं बसवलं नव्हतं? रिकाम्या मशिनसमोर?”

“नाही.”

“तरीच,” प्रेरणा म्हणाली, आणि पुन्हा पडद्याकडे वळली.

त्या संध्याकाळी दमयंतीबाई घरी चालत गेल्या, तेव्हा हा एक शब्द त्यांच्याबरोबर होता. ॲप्लिकेशनची पहिली ओळ लिहिली गेली तेव्हा कचेरीत मंदार आणि त्या असे दोघेच होते. पुढे आलेल्या प्रत्येकाला पहिला दिवस मिळाला. त्या मात्र कधी नव्या नव्हत्या. इतरांच्या पाठी त्यांनी पाहिल्या होत्या, स्वतः कधी कोणाकडे पाठ करून अडून बसल्या नव्हत्या. आणि शेवटचा नवा माणूस येऊन गेल्यानंतर त्यांनी जे काही केले, ते करताना शेजारी कोणी नव्हते. म्हणून ते सांगावे लागले नव्हते, आणि सांगावे न लागल्यामुळे लिहिलेही गेले नव्हते. त्यांच्या संगणकावर सगळे चालत होते. तो संगणक जणू त्यांच्या स्वयंपाकघरासारखा झाला होता.

शुक्रवारी प्रेरणा आली नाही. साडेदहाला तिचा निरोप आला. वाळूजला होकार कळवला आहे, सोमवारपासून रुजू व्हायचे आहे, राग मानू नका, तुमच्याकडे शिकण्यासारखे खूप असणार, पण ते माझ्याच्यानं शोधून व्हायचं नाय. दमयंतीबाईंनी निरोप दोनदा वाचला. ‘ठीक आहे’ असे उत्तर लिहून पाठवले. त्याहून योग्य काही लिहिता आले असते, पण ते त्यांना सुचले नाही.

मंदारला कळवायला त्यांनी फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. मग त्या उठून दाराजवळच्या टेबलाशी गेल्या, नव्या संगणकावरचे प्रेरणाचे दोन दिवसांचे सगळे काम पुसून टाकले आणि वही पहिल्या पायरीपासून वाचायला घेतली. स्वतःच्या संगणकात डोकवायचे नाही, एवढा नियम त्यांनी स्वतःला घातला. खिडकीलगतचे टेबल तिथून चार पावलांवर होते.

पहिली पायरी त्यांच्याच शब्दांत होती : ‘नोडची सर्वांत नवी आवृत्ती घ्या.’ त्यांनी घेतली. चुका दाखवणाऱ्या लाल अक्षरांनी पडदा भरला. हे वाक्य त्यांनी लिहिले तेव्हा सर्वांत नवी म्हणजे जी होती, तिच्यानंतर बाहेर बरेच पाणी वाहून गेले होते; जुन्या पॅकेजेसना आजची नवी आवृत्ती चालत नव्हती. त्यांचा स्वतःचा संगणक मात्र जुन्याच आवृत्तीवर थांबलेला होता, आणि थांबलेला आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हते. कोणती आवृत्ती चालते हे शोधण्यात दुपार गेली. प्रेरणाची बुधवारची पूर्ण दुपार कुठे गेली असेल, हेही त्यांना उमगले. त्यांनी वाक्य खोडले, नेमकी आवृत्ती लिहिली आणि खाली आपले नाव व तारीख टाकली. नाव टाकताना अवघडल्यासारखे झाले, परक्याच्या वहीत सही करावी तसे.

पुढे सेटिंग्जची फाईल. वहीत नमुना म्हणून सात सेटिंग्जची नावे दिली होती; कोड मात्र बारा मागत होता. उरलेली पाच त्यांनीच वेळोवेळी वाढवलेली. आठवून पाहिले तर तीन आठवली. बाकीच्या दोनांसाठी त्या आपणच लिहिलेल्या कोडमध्ये ओळीओळीने हिंडत राहिल्या. एका जागी त्यांना आपल्याच हातची एक टीप सापडली : ‘हे नंतर नीट लिहायचे.’ कोणासाठी, ते लिहिलेले नव्हते.

शनिवारी दुपारी पान उघडले. वर बससेवेचे शीर्षक होते आणि त्याखाली पांढरे. एकही थांबा नव्हता. दोनशे चौदा थांबे त्यांनी पाच वर्षांत चालकांशी फोनवर बोलून एकेक करून नोंदवले होते. रंगवलेली टाकी, बंद पिठाची गिरणी, कडुबाचं गॅरेज, अशा चालकांनी सांगितलेल्या नावांनी. ती यादी चालत्या सर्व्हरवर होती आणि त्यांच्या संगणकात होती. नव्या माणसाला मिळणाऱ्या कोडमध्ये नव्हती. प्रेरणा इथवर पोचली असती, तरी तिच्यासमोर हे पांढरे पान आले असते आणि आपलेच काही चुकले असे तिला वाटले असते. इथे मात्र दमयंतीबाई उठल्या, चार पावले चालून आपल्या संगणकाशी गेल्या, थांब्यांची यादी काढली आणि ती कोडबरोबर सगळ्यांना मिळेल अशी ठेवून दिली. मग पुन्हा दाराजवळ येऊन बसल्या. यादी पानावर उतरली. बाहेर भाजीवाला ओरडत गेला. खोलीत हे दाखवायला कोणी नव्हते.

वहीत आता नऊ ठिकाणी त्यांचे नाव होते. पण लिहिणाऱ्याला आपले लिहिणे नेहमीच कळते. दुसऱ्याला कळते का, हे त्यांना स्वतःला ठरवता येणार नव्हते. त्यांनी प्रेरणाला फोन लावला. इकडचे-तिकडचे बोलणे त्यांच्या अंगवळणी नव्हते, म्हणून सरळच म्हणाल्या, “तू वाळूजला जा, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. चूक वहीची होती, म्हणजे माझी. तुझ्या घरच्या लॅपटॉपवर उद्या एकदा करून बघशील? अडलीस तर मात्र विचार. मी बोलेन.”

 प्रेरणाने सांगितले की रविवारी मुलगी झोपली की बसते.

रविवारी सकाळपासून दमयंतीबाई घरी फोन समोर ठेवून बसल्या. दहा वाजता पहिला प्रश्न आला, डेटाबेसच्या संकेतशब्दाबद्दल. त्यांनी उत्तर दिले. ते गरजेपेक्षा लांब होते. साडेअकराला दुसरा. तिसरा आलाच नाही. त्या वाट पाहत राहिल्या आणि आपण पुढच्या प्रश्नाची वाट पाहतो आहोत की पान उघडल्याच्या निरोपाची, हे त्यांना नीट सांगता आले नसते. एक वाजता फोटो आला. लॅपटॉपच्या पडद्यावर सगळे थांबे दिसत होते, आणि कडेला एक लहान हात. खाली प्रेरणाने लिहिले होते की अकराव्या पायरीतले एक वाक्य तिने सोपे केले आहे.

दमयंतीबाईंनी तो फोटो मंदारला पाठवला आणि सगळे सांगितले. दुपारी त्याने सर्जेरावांना, प्रेरणाला आणि दमयंतीबाईंना व्हिडिओ कॉलवर घेतले. थांब्यांची लांब नावे फोनवर अर्धी कापली जात, ती दोन ओळींत दिसतील असा बदल प्रेरणाने त्यांच्यासमोर करून दाखवला. मागून तिच्या सासूबाई, आवडाबाई, कोणाशी एवढं बोलतीस म्हणून विचारत होत्या. सर्जेरावांना कोडमधले काही कळले नाही. पण फुलंब्रीत बसलेल्या बाईने पुंडलिकनगरातल्या बाईला न बोलावता काम केले, हे त्यांना पुरेसे कळले. करार तीन वर्षांसाठी पुढे गेला.

नंतर मंदारने दमयंतीबाईंना एकट्यांना फोन केला. तो मनापासून खूश होता. म्हणाला, आता वही अशी झाली आहे की गरज पडेल तेव्हा कोणालाही बसवता येईल, त्यामुळे नवा माणूस घेण्याची घाई नाही. आपण सावकाश पाहू. दमयंतीबाईंनी ‘बरोबर आहे’ म्हटले. ते बरोबरच होते. मग तो म्हणाला की वडिलांच्या वेळचे दिवस सोडले, तर त्यांनी पाच वर्षांत एकही रजा घेतलेली नाही, आता घ्यावी. कशासाठी, असे त्यांनी विचारले. त्यावर तो हसला.

त्यांनी गुरुवार घेतला. सकाळी उठून घर आवरले, आवरल्यावर अकराच वाजले होते. कोणाकडे जावे असे दोन-तीन जण आठवले, पण न कळवता जाण्याइतके जवळचे त्यांत कोणी नव्हते. जेवून त्या रिक्षाने निघाल्या आणि वाळूजच्या रस्त्याला रंगवलेल्या टाकीजवळ उतरल्या. हा थांबा त्यांनी चार वर्षांपूर्वी नोंदवला होता. टाकी त्यांनी मनात निळी धरली होती, ती पिवळी होती. खाली सातआठ कामगार डबे घेऊन उभे होते, दुसऱ्या पाळीचे. प्रत्येक जण मधूनमधून फोनकडे पाहत होता.

एक वाजून पन्नास मिनिटांनी यायची गाडी एक वाजून बावन्नला आली. माणसे चढली. दमयंतीबाई बाजूला उभ्या राहिल्या. चालकाने काचेपुढे लावलेल्या फोनकडे पाहिले, मग त्यांच्याकडे. तो बोलला, तसा त्याचा आवाज त्यांना ओळखू आला. याच आवाजाने त्यांना या थांब्याचे नाव सांगितले होते.

“यायचं का, बाई?” त्याने विचारले.

“नाही,” त्या म्हणाल्या. “मी सहज उभी आहे.”

त्याने मान हलवली, दार लावले आणि गाडी वाळूजकडे निघून गेली. थांबा रिकामा झाला. पुढची गाडी दोन वाजून दहा मिनिटांची होती, हे त्यांना फोन न पाहता माहीत होते. त्या थोड्या सावलीत सरकल्या आणि तिची वाट पाहत उभ्या राहिल्या.